पायपरची बिदागी

इंग्रजीत बासरी वाजवणाऱ्याला काय म्हणावे, यावर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर जुना वाद आहे. अमेरिकन माणूस 'फ्लूटिस्ट' म्हणतो, इंग्रज 'फ्लॉटिस्ट' म्हणतो, आणि आपलेच रूप जुने व घरंदाज अशी इंग्रजांची समजूत असते. कोश उलटे सांगतात. 'फ्लूटिस्ट' सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. 'फ्लॉटिस्ट' आले इटालियनमधून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. ते छापील इंग्रजीत आणणाऱ्यांत नॅथॅनिएल हॉथॉर्नचे नाव येते. त्याच्या १८६० सालच्या 'द मार्बल फॉन' या कादंबरीत हा शब्द आहे, आणि हॉथॉर्न चक्क अमेरिकन. असो. दोन्ही शब्द सभागृहातले आहेत. काळा कोट, समोर कागद, कार्यक्रमपत्रिकेवर छापलेले नाव.

'पायपर' हा शब्द या दोघांहून कितीतरी जुना आणि त्याला सभागृह माहीत नाही. त्याची जागा जत्रेत, लग्नाच्या वरातीत, गावच्या चौकात, सरदाराच्या दारात आणि पलटणीच्या पुढे. हे छोटे पुस्तक त्याच्याबद्दल आहे. शब्दाबद्दल जितके, तितकेच त्या माणसाबद्दल. दोन्ही वेगळे काढता येतील असे मला सुरुवातीला वाटले होते, पण शब्दाचा प्रत्येक अर्थ कुठल्या तरी वाजवणाऱ्याच्या पोटापाण्याशी जाऊन भिडतो.

व्युत्पत्ती सोपी आहे. जुन्या इंग्रजीत 'पीपे' म्हणजे फुंकायची नळी आणि 'पीपेरे' म्हणजे ती वाजवणारा. हा 'पीपे' लॅटिनमधून आला. तिथे 'पीपारे' हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ फुंकणे नव्हे, चिवचिवणे. पाखराचे पिल्लू पी-पी करते ते. म्हणजे शब्दाच्या मुळाशी नळी नाही आणि श्वासही नाही, आहे तो आवाज. याच मुळाची दुसरी फांदी 'पीपिओ', चिवचिवणारे पिल्लू. ते फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आले तेव्हा त्याचे 'पिजन' झाले होते. कबूतर आणि वाजंत्री असे चुलतभाऊ निघतात. समुद्रकाठच्या चिखलात तुरुतुरु चालणाऱ्या पक्ष्याला इंग्रजांनी 'सँडपायपर' म्हटले तेही त्याच्या शिळेवरून. आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक त्याला तुतवार म्हणतात आणि हिवाळ्यात शिवडीच्या खाडीवर त्याला बघायला जातात.

मराठी वाचकाला इथे 'पिपाणी' आठवल्याशिवाय राहणार नाही. लॅटिनचा आणि पिपाणीचा नातेसंबंध जोडायची गरज नाही. पी-पी असा आवाज कानावर पडला की दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच शब्द घडवावा, यात नवल नाही. पिपाणी हा शब्द आपल्याकडे जत्रेतल्या खेळण्यापुरता उरला होता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तो एकदम राजकारणात आला. एका पक्षाचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस आणि काही अपक्षांना मिळाले नुसते ट्रम्पेट, ज्याचे मराठी नाव यादीत 'तुतारी' असेच छापले गेले. मतदारांना फरक समजावून सांगताना कार्यकर्त्यांनी ट्रम्पेटला पिपाणी करून टाकले. वाद्य कोणते आणि वाजवणारा कोण, हा प्रश्न भाषाशास्त्राबाहेरही किती महाग पडू शकतो याचे याहून ताजे उदाहरण मला सापडले नाही.

पश्चिम युरोपात हा शब्द घरोघरी गेला. जर्मनमध्ये त्याच्या 'प'चा उच्चार फुटला आणि 'फायफे' झाले. सोळाव्या शतकात स्विस भाडोत्री शिपायांची आडवी बासरी लष्करांतून पसरली तेव्हा तेच रूप 'फाइफ' बनून इंग्रजीत शिरले. त्यामुळे इंग्रजीत 'पायपर' आणि 'फायफर' असे दोघे आहेत, एकाच आजोबांचे. जर्मन आडनाव फायफर, हॉलंडचा संगीतकार विलेम पायपर, इंग्रज चित्रकार जॉन पायपर, हॉलिवूडची मिशेल फायफर, या सगळ्यांच्या नावात कुणीतरी फुंकर मारणारा पूर्वज बसला आहे.

आता तो वाजवायचा काय? इथे शब्दाने फार ढिलाई दाखवली. मध्ययुगीन इंग्लंडात पायपर म्हटले की एका हाताने तीन भोकांची बासरी आणि दुसऱ्या हाताने गळ्यात अडकवलेला छोटा ढोल वाजवणारा एकटा माणूस असू शकतो. तीन भोकांत पूर्ण सप्तक बसत नाही असे वाटेल, पण फुंक जोरात मारली की नळी वरच्या स्वरावर उडी घेते आणि मधल्या जागा तीन बोटांनी भरून निघतात. दुसरा हात ढोलाला मोकळा. एका माणसाच्या पगारात दोघांचे काम. शेक्सपिअरच्या मंडळीतला विनोदी नट विल केंप १६०० साली लंडनहून नॉरिचपर्यंत नाचत गेला तेव्हा त्याच्यासोबत असाच एक वाजवणारा होता, टॉमस स्लाय नावाचा. केंपने त्या प्रवासावर पुस्तिका लिहून नाव कमावले. स्लायचे नाव आज आपल्याला माहीत आहे तेही त्या पुस्तिकेमुळेच.

किंवा पायपर म्हणजे बॅगपाइप वाजवणारा. आज हाच अर्थ आधी सुचतो, आणि तो स्कॉटलंडचाच असे वाटते. पण चॉसरच्या कँटरबरीच्या यात्रेकरूंना गावाबाहेर काढतो तो बॅगपाइप वाजवणारा गिरणीवाला इंग्रज आहे, आणि ब्रॉयगेलच्या चित्रांतल्या लग्नात पिशवी फुगवून उभे असलेले वाजंत्री फ्लँडर्सचे. जर्मन गावांत 'श्टाटफायफर' म्हणजे नगराचा पगारी वादक. तो शिंग, कर्णा, सनईच्या जातीची वाद्ये, जे लागेल ते वाजवायचा. योहान सेबास्टियान बाखचे वडील आयझेनाखला याच नोकरीवर होते. नाव नळीचे, काम सगळ्याचे. आपल्याकडे 'वाजंत्री' म्हटल्यावर जसे कोणते वाद्य ते कुणी विचारत नाही.

बॅगपाइपचे तंत्र थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढे त्याची गरज लागेल. कातडी पिशवीत हवा भरून ठेवायची आणि कोपराने दाबत राहायचे. पिशवीतून एक बोटांची नळी निघते, तिच्यावर धून वाजते. शिवाय खांद्यावर तीन नळ्या, ज्या सतत एकच आधारस्वर धरून असतात. सनईच्या ताफ्यात हे काम 'सूर' धरणारा वेगळा माणूस करतो, गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत घेत. स्कॉटिश पायपरने त्या माणसाला पिशवीत बसवले. याची किंमत अशी की आवाज एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. दोन स्वरांमध्ये विराम नाही, आवाज लहान-मोठा करण्याची सोय नाही, आणि स्वर मोजून नऊ. तोच स्वर दोनदा वाजवायचा असेल तर मध्ये दुसऱ्या स्वराची निमिषभराची टिचकी मारावी लागते. या टिचक्यांचेच पुढे शास्त्र झाले.

हे शास्त्र ज्या भाषेत झाले ती गेलिक. गेलिकने 'पाइप' उचलला आणि त्याचा 'पीब' केला. वाजवणारा 'पीबर', आणि त्याची कला 'पीबरॅख्त'. मग इंग्रजांनी हा शब्द परत घेतला, त्याचा 'पिब्रॉख' केला आणि त्याला संपूर्ण कलेऐवजी त्या संगीताच्या एकाच भारदस्त प्रकाराचे नाव बनवले. एक मूळ विषय, मग वाढत्या गुंतागुंतीची आवर्तने, शेवटी पुन्हा मूळ विषय. हे संगीत लिहून ठेवलेले नव्हते. गुरू ते गाऊन शिकवायचा, ठरावीक अक्षरांत: स्वर कोणता ते स्वराक्षराने कळे, टिचकी कोणती ते व्यंजनाने. तबल्याचे बोल तोंडपाठ करून मोठ्या झालेल्या माणसाला 'कँटरख्त' या पद्धतीबद्दल वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

स्काय बेटावर बोररेग येथे मॅकक्रिमन घराणे मॅकलाउड सरदारांचे पिढीजात पायपर होते. वाजवण्याच्या बदल्यात जमीन. याला आपल्याकडे वतन म्हणतात, आणि तीच भानगड तिथेही झाली: सरदार पैशाच्या हिशेबात विचार करू लागले तसे वाजवण्यावर मिळालेल्या जमिनीचे दिवस भरले. सॅम्युएल जॉन्सन १७७३ मध्ये त्या बेटांवर फिरला तेव्हा मॅकक्रिमनांच्या हाताखालची पायपरांची पाठशाळा अजून पूर्णपणे संपलेली नाही, एवढीच नोंद त्याला करता आली. पाठशाळेबद्दल पुढे इतक्या दंतकथा रचल्या गेल्या की वेगळे प्रकरण लागले.

आयर्लंडच्या पायपराने तर शब्दाचीच पंचाईत केली. तो फुंकतच नाही. त्याच्या उजव्या कोपराखाली छोटा भाता असतो, तो हवा भरतो. डाव्या कोपराखाली पिशवी. तोंड मोकळे, हवे तर गप्पा मारत वाजवा. या वाद्याला आज 'इलिअन पाइप्स' म्हणतात आणि गेलिकमध्ये इलिअन म्हणजे कोपर, तेव्हा नाव चपखल वाटते. पण अठराव्या शतकात त्याचे नाव 'युनियन पाइप्स' असे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रॅटन फ्लड नावाच्या संगीत-इतिहासकाराने युनियन हा इलिअनचाच अपभ्रंश असल्याचे सांगितले, आणि शेक्सपिअरच्या शायलॉकच्या तोंडी जी लोकरीची बॅगपाइप आहे ती 'वुलन' नसून इलिअनच, असेही ठोकून दिले. दोन्ही अनुमाने टिकली नाहीत, नाव मात्र टिकले. आयर्लंडमध्ये १९६८ साली वादकांची जी संस्था उभी राहिली तिच्या नावातच 'इलिअन' आहे, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या यादीत घेतली तीही याच नावाने. चुकीच्या व्युत्पत्तीतून बरोबर नाव निघाल्याची उदाहरणे फार नसतात.

आता पैशांकडे वळतो, कारण पायपर हा शब्द इंग्रजी वाक्प्रचारांत आला की त्याच्यामागोमाग पैसे येतात. 'पायपरचे पैसे चुकते करणे' हे सतराव्या शतकापासून चालत आले आहे: मजा केलीत, नाचलात, आता भरा. त्याचा पुढचा भाग, पैसे देईल तोच धून सांगेल, हा म्हणीच्या रूपात बराच नंतरचा. आपली जवळची म्हण 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी'. पण दोन म्हणी कुठे उभ्या आहेत ते बघा. इंग्रजी म्हण पैसे देणाऱ्याच्या खुर्चीतून बोलते आणि त्याचा हक्क सांगते. मराठी म्हण पंगतीत बसलेल्याच्या कानात बोलते. त्यात थोडा शहाणपणा आहे, थोडी लाचारी आणि भरपूर उपहास. वाजवणाऱ्याचा खरा राग मात्र मला दोन्हींत दिसत नाही.

रागाला कारण होतेच. १५७२ च्या इंग्लंडातल्या कायद्याने कुणा उमरावाच्या पदरी नसलेल्या फिरत्या गायक-वादकांना भटके आणि बदमाश यांच्या रांगेत बसवले. पदरी असाल तर कलावंत, नसाल तर फटके. याच काळात स्कॉटलंडमध्ये किलबार्खन गावचा पायपर हॅबी सिम्पसन लग्ने, शर्यती, जत्रा गाजवत होता. तो गेल्यावर रॉबर्ट सेम्पिलने त्याच्यावर विनोदी विलापिका रचली आणि तिचा सहा ओळींचा साचा पुढे रॉबर्ट बर्न्सने इतका वापरला की तो बर्न्सचाच वाटू लागला. साच्याचे मूळ नाव अजून 'हॅबी'च आहे.

हॅमेलिनची गोष्ट मी या संदर्भात पुन्हा वाचली आणि ती मला मजुरीच्या तंट्याची गोष्ट वाटली. आपल्या मुलांना ती ठाऊक आहे, कधी बासरीवाल्याची म्हणून, कधी पुंगीवाल्याची म्हणून. रॉबर्ट ब्राउनिंगने १८४२ साली छापलेल्या कवितेत पायपर उंदीर घालवण्याचे हजार गिल्डर ठरवतो आणि काम झाल्यावर महापौर पन्नासवर बोळवण करू पाहतो, तेव्हा पायपर वाजवत वाजवत गावची मुलेच घेऊन जातो. ब्राउनिंगने ही कविता नट मॅक्रीडीच्या आजारी मुलासाठी लिहिली, अंथरुणात पडल्या पडल्या त्याला चित्रे काढता यावीत म्हणून. पण मूळ नोंद याहून कोरडी आणि भयंकर आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावरच्या ल्यूनेबुर्गच्या हस्तलिखितात २६ जून १२८४ ही तारीख आहे, उत्तम कपड्यांतला वाजवणारा आहे आणि हरवलेली १३० मुले आहेत. उंदीर नाहीत. करार नाही, फसवणूक नाही. उंदीर सोळाव्या शतकात आले आणि त्यांच्याबरोबर बिदागीचा प्रश्न आला. मुले का गेली याचे कारण लोकांना हवे होते. बुडवलेली मजुरी हे कारण सगळ्यांना पटले, यावरून मजुरी किती सर्रास बुडत असावी याचा अंदाज येतो.

पूर्वेकडे नव्या वसाहतींत नेण्यासाठी तरुणांची भरती झाली असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. तो सगळ्यांत पटणारा तर्क आहे. त्यात वाजवणारा हा भरतीवाल्यांचा माणूस ठरतो. हॅमेलिनमध्ये आजही एक गल्ली आहे जिथे वाद्य वाजवायचे नाही असा संकेत आहे, तिच्या नावाचाच अर्थ ढोलाविना रस्ता असा.

जर्मन भाषा या माणसाला आज 'राटनफेंगर' म्हणते, उंदीर पकडणारा. त्याला 'पाइड पायपर' केले ते रिचर्ड व्हर्स्टेगनने, १६०५ मध्ये छापलेल्या इंग्रजी ग्रंथात. 'पाइड' म्हणजे काळ्या-पांढऱ्या मॅगपाय पक्ष्यासारखा ठिपकेदार. तारीखही त्याने वेगळीच दिली, २२ जुलै १३७६, आणि ब्राउनिंगने तीच उचलली. जर्मन नावात धंदा उरला, इंग्रजी नावात वाद्य. त्यामुळे 'पाइड पायपर' म्हटले की इंग्रजीत लोकांना भुलवून खड्ड्याकडे नेणारा पुढारी डोळ्यांसमोर येतो. ज्याचे पैसे बुडाले तोच भाषेत आरोपी झाला, याकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

युद्धातल्या पायपराबद्दल पुस्तकात सर्वांत जास्त पाने आहेत. पदच्युत स्टुअर्ट घराण्यासाठी स्कॉटलंडमध्ये झालेल्या १७४५ च्या जेकबाइट उठावात पकडलेला जेम्स रीड हा पायपर. आपण शस्त्र धरले नाही, नुसते वाजवले, असा त्याचा बचाव होता. यॉर्कच्या न्यायालयाने उत्तर दिले की पायपराशिवाय हायलँडची पलटण हलत नाही, म्हणून पाइप हे युद्धाचेच साधन. नोव्हेंबर १७४६ मध्ये त्याला फाशी झाली. पुढे ब्रिटिशांनी बॅगपाइपवरच बंदी घातली असे सर्रास सांगितले जाते. त्या काळच्या कायद्यात शस्त्रे आणि हायलँडचा पोशाख यांवर बंदी आहे, वाद्याचे नाव नाही. आणि ज्यांनी रीडला फासावर दिले त्यांनीच थोड्या वर्षांत हायलँडच्या पलटणी उभारल्या, पायपरांसकट. ब्रिटिश सैन्यात 'पायपर' ही साध्या शिपायाच्या तोडीची पदवी आहे, नावाआधी लागते.

वायव्य सरहद्दीवर तिराहच्या मोहिमेत, २० ऑक्टोबर १८९७ रोजी दरगाईच्या चढावर गॉर्डन हायलँडर्सचा पायपर जॉर्ज फिंडलेटर पायाला गोळी लागून पडला आणि दगडाला टेकून वाजवतच राहिला. त्या चढाईत गुरखे आणि शीख पलटणीही होत्या. इंग्रजी वर्तमानपत्रांनी चित्रे मात्र फिंडलेटरची काढली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे वर्षासन होते दहा पौंड. सैन्यातून सुटल्यावर त्याने लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात बिदागी घेऊन तीच धून वाजवायला सुरुवात केली, तेव्हा युद्धखात्यातल्या सभ्य मंडळींना क्रॉसचा अपमान झाल्यासारखे वाटले. दहा पौंडांत कसे जगायचे, हे त्यांच्यापैकी कुणी सांगितल्याचे दिसत नाही. १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लोस येथे विषारी वायूच्या ढगात खंदकाच्या काठावर चढून वाजवणारा डॅनियल लेडलॉ, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लॉर्ड लोव्हॅटच्या सांगण्यावरून पाण्यातून वाजवत उतरलेला बिल मिलिन, यांच्या कथा पुढे विस्ताराने येतील. मला फिंडलेटर जास्त जवळचा वाटतो, कारण त्याने हिशेब मागितला.

ब्रिटिश गेले, पाइप राहिले. भारतीय लष्कराच्या पलटणींत आज पाइप बँड आहेत आणि प्रजासत्ताक दिनानंतरच्या 'बीटिंग रिट्रीट'ला ते दिल्लीच्या विजय चौकात दिसतात. गढवाल-कुमाऊंमध्ये हेच वाद्य लग्नाच्या वरातीत गेले आणि त्याला 'मशकबीन' असे घरचे नाव मिळाले. मशक म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, आपली पखाल.

उरले किरकोळ अर्थ. दमा लागलेला, पळताना घरघरणारा घोडा म्हणजे पायपर. पाण्याबाहेर काढल्यावर आवाज करणारा एक मासा, एक समुद्री साळिंदर, कबुतराचे पिल्लू, नळ टाकणारा कामगार. 'पायपर कब' हे छोटे विमान मात्र आडनावावरून. यांना एकेक परिच्छेद दिला आहे, जास्त नाही.

अपवाद एकच, आणि तो खरे तर या कुळातला नाही. वनस्पतिशास्त्रात 'पायपर' नावाची प्रजाती आहे: काळी मिरी, पिंपळी आणि विड्याचे पान तिघेही तिच्यातले. त्रिकटूतली सुंठ वगळली तर बाकी दोन्ही पायपर. हा शब्द संस्कृत 'पिप्पली'चा. ग्रीकांनी त्याचे 'पेपेरी' केले, रोमनांनी 'पिपेर', आणि जुन्या इंग्रजीत तो 'पिपोर' होऊन वाजवणाऱ्या 'पीपेरे'च्या शेजारी येऊन बसला. एक अक्षर इकडे-तिकडे, पण एक भारतातून निघालेला मसाला आणि दुसरा लॅटिन पिल्लाची चिवचिव. १८१३ साली लंडनमध्ये मुलांसाठी छापलेल्या उच्चारांच्या पुस्तकात पीटर पायपर लोणच्यातल्या 'पेपर्स' वेचतो. तोवर पायपर पायपर झाला होता आणि पिपोर पेपर, तरी 'प'च्या ओढीने दोघे पुन्हा एका वाक्यात आले. पिंपळीचा विषयाशी संबंध नाही हे मान्य करूनही शेवटचे प्रकरण मी तिलाच दिले आहे.